दोन मिनिटांचा मालक

नवी मुंबईत आता शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला कुणी जात नाही. मोबाइलवर बोट फिरवलं की ती दहा मिनिटांत दाराशी येते. शेजारी बेल वाजवतो तो बाईकच्या किल्लीसाठी. याला थोडीफार सिडकोही जबाबदार आहे. १९७० साली स्थापन झाल्यावर या मंडळींनी खाडीपलीकडे शहर आखायला घेतलं, नोड पाडले, सेक्टर पाडले, रस्ते ऐसपैस ठेवले. घर ते स्टेशन हे अंतर मात्र असं बेतलं की पायी जायला जास्त आणि रिक्षाला कमी. "एवढ्याशासाठी कशाला रिक्षा?" असं म्हणणाऱ्या माणसाचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "जरा किल्ली दे ना, दोन मिनिटांत आलो."

ही दोन मिनिटं कोपरखैरण्याला सुरू होतात आणि एपीएमसी मार्केट, वाशी स्टेशन, जुईनगरची मावशी असं करत रात्री साडेनऊला संपतात.

किल्ली देताना मालक जे बोलतो ते ऐकण्यासारखं असतं. "मागचा ब्रेक जरा उशिरा लागतो, पुढचा एकदम दाबू नको. दुसरा गिअर पडला असं वाटेल, पण पडलेला नसतो. हॉर्न वाजत नाही. आणि पेट्रोलच्या काट्यावर विसंबू नको, तो लॉकडाऊनपासून मधेच आहे." समोरचा शांतपणे "हो हो" म्हणतो आणि असल्या गाडीवर बसून सायन-पनवेल महामार्गाला लागतो. ब्रेकपासून काट्यापर्यंत सगळ्याची वास्तपुस्त होते, फक्त विम्याचा विषय निघत नाही. "लायसन्स आहे ना रे?" एवढं विचारलं तरी समोरच्याचा चेहरा पडतो. "काय काका, इतक्या वर्षांची ओळख आपली!" आता ओळख आणि लायसन्स ही दोन निरनिराळी खाती आहेत, पण हे तोंडावर सांगायचं कसं? त्यातून मागणारा मेहुणा असेल तर प्रश्नच मिटला. "दाजी, गाडी रिकामीच आहे ना?" हे तो दाजींना विचारत असला तरी आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढा मोठा ठेवतो. कुठल्या दाजींनी आजवर नाही म्हटलंय?

मी निवृत्त आहे आणि सोसायटीच्या कमिटीवर आहे, त्यामुळे लोक न वाचलेले कागद माझ्याकडे वाचायला आणून देतात. अशा रीतीने दुचाकीच्या विम्याची पॉलिसी शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याचा योग आला. माझा पुतण्या लंडनला असतो. तो सांगतो, तिकडे विमा गाडीइतकाच चालवणाऱ्याचा असतो. पॉलिसीत नाव नसेल आणि स्वतःचा तसा विमा नसेल, तर सख्ख्या भावाचीही गाडी रस्त्यावर काढता येत नाही. आपल्याकडे विमा गाडीचा. आपल्या पॉलिसीत 'चालक' या कलमाखाली जे लिहिलंय त्याचा अर्थ असा, की विमाधारकासह कोणतीही व्यक्ती ही गाडी चालवू शकते. अट एकच, अपघाताच्या वेळी तिच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचं चालू लायसन्स हवं आणि ते बाळगायला ती अपात्र ठरवलेली नको. म्हणजे हप्ता भरणारा माणूस 'सह' म्हणून आलेला आहे, बाकी सगळा मान 'कोणत्याही व्यक्ती'चा. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हे सांगितल्यावर ते खूश झाले. "म्हणजे मी कव्हर आहे!" असं म्हणून त्यांनी लगेच किल्ली मागितली.

शिकाऊ लायसन्सवालाही त्या कलमात बसतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम पाळून. पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. सोबत पक्क्या लायसन्सचा शिकवणारा हवा, आणि तो अशा जागी बसलेला हवा की गाडीवर ताबा ठेवता येईल किंवा ती थांबवता येईल. मोटारीत हे समजू शकतं. मोटारसायकलवर शिकवणाऱ्याने नेमकं कुठे बसावं, यावर आमच्या कमिटीत बराच खल झाला. मागच्या सीटवरून त्याला ताबा ठेवता येतो तो फक्त स्वतःच्या जिवावर. पुढे टाकीवर बसवला तर शिकणाऱ्याला रस्ता दिसत नाही. शेवटी विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

याच पॉलिसीत गाडी कशासाठी वापरायची नाही याचीही यादी असते, आणि ती ज्याने केली त्याला मी मनोमन नमस्कार करतो. भाड्याने द्यायची नाही. संघटित शर्यतीत उतरवायची नाही. वेगाची चाचणी घ्यायची नाही. माल वाहायचा नाही. नमुने आणि वैयक्तिक सामान चालेल. रात्री अकरानंतर पामबीच रोडवर वेगाच्या चाचण्या घेणारी मुलं पाहिली की वाटतं, संघटित नसल्यामुळे शर्यतीच्या कलमातून ती कदाचित सुटतीलही. चाचणीच्या कलमातून कशी सुटणार? एपीएमसीतून आणलेली कांद्याची गोणी वैयक्तिक सामानात धरावी का, यावरही मी विचार केला. घरी खायला असेल तर धरावी, भजीच्या गाडीवर जाणार असेल तर धरू नये, असं माझं मत आहे. हे मत कंपनीला अजून कुणी विचारलेलं नाही.

हल्ली यात एक नवीन भर पडली आहे. "काका, दोन तास गाडी द्या" म्हणून गेलेला मुलगा पाठीला चौकोनी पिशवी लावून सेक्टर-सेक्टर पार्सलं पोचवताना दिसतो. खासगी गाडीची पॉलिसी या धंद्याला लागू पडत नाही. माणसं वाहायची असतील तर राज्य सरकारने २०२५ साली बाईक टॅक्सीला परवानगी दिली ती विजेवर चालणाऱ्या गाड्यांना. तुमच्या पांढऱ्या पाटीच्या स्प्लेंडरला नव्हे. "शंभरचं पेट्रोल टाकलंय हं" हे म्हणणं वेगळं. ते भाडं ठरत नाही. आणि टाकलेलं पेट्रोल पुढे काट्यावर कधी दिसलंय म्हणता?

आता मुख्य गोष्ट. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे तो नसेल तर गाडी सार्वजनिक जागी आणायचीच नाही. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला त्याचा वर्षाचा हप्ता जून २०२२ पासून ७१४ रुपये अधिक कर असा आहे. पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे उरलेलं जग : रस्ता ओलांडणाऱ्या आजी, समोरचा रिक्षावाला, भाजीची हातगाडी. तुमच्या गाडीवर तुमचा मित्र असला, त्याचं लायसन्स ठीक असलं आणि त्याने कुणाला धडक दिली, तर त्या जगाची भरपाई तुमची विमा कंपनी करते. माणसाच्या इजेला किंवा मृत्यूला साधारणपणे रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला दुचाकीच्या पॉलिसीत १ लाखाची आहे, म्हणून मित्राला धडकायचंच असेल तर शक्यतो साध्या गाडीला धडकायला सांगा. पामबीचवर ज्या गाड्या सिग्नलला शेजारी येऊन उभ्या राहतात, त्यांच्या एका दरवाजाला हे १ लाख पुरतील असं त्यांच्या तोंडावरून वाटत नाही.

पण खुद्द तो मित्र कुठल्या पक्षात? त्याने हप्ता भरलेला नाही, कंपनीशी त्याचा करार नाही, गाडी त्याची नाही. कुणालाही वाटेल की हा तिसराच. सर्वोच्च न्यायालयाला तसं वाटलं नाही.

इरकली लुगडी ज्या गावावरून ओळखली जातात त्या कर्नाटकातल्या इलकलहून एक गृहस्थ २००० साली दुसऱ्याची हीरो होंडा घेऊन आपल्या गावी निघाले होते. पुढे लोखंडी पत्रे लादलेली बैलगाडी होती. ती अचानक थांबली. ते वाचले नाहीत. घरच्यांनी त्या मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या नावाने ते प्रकरण २००९ साली सर्वोच्च न्यायालयात निकालाला आलं. न्यायालय म्हणालं, जो गाडी मागून नेतो तो तेवढ्यापुरता मालकाच्या जागी येतो. त्या वेळच्या कलम १६३-अ खाली भरपाई द्यायची गाडीमालकाने आणि त्याच्या वतीने कंपनीने; हा तर स्वतःच मालकाच्या जागी. मग आपणच आपल्याकडून भरपाई कशी घ्यायची?

जानेवारी २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं गेलं. तिथे तर चूक समोरून आलेल्या दुसऱ्या मोटारसायकलची असल्याची तक्रार होती. तरी वारसांनी दावा लावला तो ज्या उसन्या गाडीवर आपला माणूस होता तिच्याच मालकावर आणि विमा कंपनीवर. धडक देणाऱ्या गाडीच्या मालकाला आणि तिच्या कंपनीला त्यात आणलंच नाही. न्यायालयाने थर्ड पार्टी म्हणून काही दिलं नाही. त्या पॉलिसीत मालकासाठी १ लाखाचं वैयक्तिक अपघात संरक्षण होतं, मालकाच्या जागी आलेला म्हणून तेवढे हाती पडले. हे वाचल्यावर मी दोन दिवस कुणाची थट्टा केली नाही. चूक दुसऱ्याची असेल तर दावा त्या दुसऱ्या गाडीवर लावायचा असतो, एवढं कुणी त्या घरी सांगितलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

तर आपला शेजारी दोन मिनिटांसाठी किल्ली घेऊन जातो आणि कायदा त्याला दोन मिनिटांसाठी मालक करतो. आयुष्यभर मालकी मिळावी म्हणून माणूस सिडकोच्या लॉटरीचे फॉर्म भरत राहतो, आणि इथे ती फुकट, न मागता आणि नेमकी नको तेव्हा मिळते.

खऱ्या मालकाची गंमत आणखी निराळी आहे. २०१८ पासून मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण १५ लाखांचं झालं. दुचाकीला आधी ते १ लाखाचं होतं. पण ते मिळायला मालकाचं नाव आरसीवर हवं, पॉलिसीवर हवं आणि त्याच्याकडे लायसन्स हवं. आता कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथल्या पार्किंगमध्ये एमएच-११ आणि एमएच-५० किती दिसतात ते पाहा. माथाडी कामगारांच्या निमित्ताने निम्मं सातारा-कऱ्हाड इथे उतरलेलं आहे. गाडी वडिलांच्या नावावर, वडील पाटणजवळ गावी, आणि वडिलांनी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. गाडीवर रोज मुलगा. लायसन्स नसल्यामुळे वडिलांना ते संरक्षण लागू नाही, आणि नाव नसल्यामुळे मुलगा त्याचा धनी नाही. दोघांच्या मधे ते १५ लाख कुठे आहेत हे मी त्या मुलाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "काका, पण इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे."

हे पाच वर्षांचं प्रकरण तर घरोघरी आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. लोक तो आकडा वाचतात आणि कागद कपाटात ठेवतात. त्याच कागदावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो, हे खालच्या चौकटीत असतं. दुसऱ्या वर्षी मित्र गाडी डिव्हायडरवर घालतो तेव्हा ती चौकट कळते. मागे बसणाऱ्याचंही असंच. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत स्कूटरच्या मागे बसलेला माणूस येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तिलक सिंग प्रकरणात सांगितलं आहे; थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान दोन्ही धरणाऱ्या पॅकेज पॉलिसीत तो येतो. आपण मात्र मागच्या माणसाला विम्याबद्दल न बोलता एवढंच सांगतो की वळणावर उलटा झुकू नको.

समजा पॅकेज पॉलिसी आहे, मित्राचं लायसन्स आहे, त्याने घेतलेलीही नाही, आणि तरीही नेरुळच्या पुलाखाली वाळूवरून गाडी घसरली. मालकाला गाडीच्या दुरुस्तीचा दावा मिळतो. इथपर्यंत सगळं सरळ असताना आपले लोक काय करतात? मालक फॉर्मवर लिहितो, "गाडी मीच चालवत होतो." का? तर दुसऱ्याला दिली होती म्हटलं तर पैसे मिळणार नाहीत, असं कुणीतरी गॅरेजमध्ये सांगितलेलं असतं. फॉर्मवर चालकाचं नाव, लायसन्स क्रमांक आणि विमाधारकाशी नातं यांसाठी छापील जागा आहे. परक्याने चालवायचीच नसती तर कंपनीने ती रेघ कशाला आखली असती? मग सर्व्हेअर येतो. मालकाच्या अंगावर ओरखडा नाही, आणि "घरी सहज आलेल्या" मित्राचा डावा गुडघा, कोपर आणि हनुवटी बँडेजमध्ये. खरं सांगितलं असतं तर जो दावा मंजूर झाला असता, तो खोटं सांगून नामंजूर करून घेण्याची ही मेहनत मी जवळून पाहिली आहे. त्यातून कॅमेऱ्याने काढलेला मित्राचा बिनहेल्मेटचा फोटो ई-चलनासकट त्याच दिवशी मालकाच्याच मोबाइलवर येऊन पडलेला असतो, तारीख-वेळेसह.

खरं म्हणजे छोट्या नुकसानीचा दावा कुणी करतच नाही, आणि तिथे एक बारीक मेख आहे. दावा न केलेल्या वर्षांसाठी मालकाला नो क्लेम बोनस मिळतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, तो चढत पाच वर्षांनी ५० टक्के. विमा गाडीचा असला तरी हा बोनस माणसाचा : गाडी विकली तरी तो तुमच्यासोबत पुढच्या गाडीवर येतो. फक्त दावा केला की जातो, मग पडलेला कुणीही असो. शिवाय प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि हल्लीच्या स्कूटरमध्ये प्लास्टिकखेरीज फारसं असतं काय? त्यामुळे मालक गप्प बसतो. मित्र गाडी जागेवर लावून जिन्यात किल्ली देताना म्हणतो, "तो इंडिकेटर आधीपासूनच तुटला होता ना रे?" मालक म्हणतो, "असेल." भारतातला दुचाकीचा बहुतेक विमाव्यवसाय जिन्यातच निकाली निघतो असं माझं निरीक्षण आहे.

लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मात्र 'असेल' म्हणून भागत नाही. मालकाला कलम १८० खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गिअर नसलेल्या स्कूटरचं लायसन्स घेऊन कुणी तुमची बुलेट मागत असेल तर तेही त्या गाडीपुरतं लायसन्स नसल्यासारखंच. मालकाने जाणूनबुजून दिली असेल तर जखमी माणसाला कंपनी बऱ्याचदा आधी पैसे देते आणि नंतर मालकाकडून वसूल करते. स्वर्ण सिंग प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाट सविस्तर आखून दिली. आणि सोळा वर्षांच्या भाच्याने "मामा, एक राउंड" म्हटलं, तर कलम १९९-अ प्रमाणे मामाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि भाच्याला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. भाच्याच्या लग्नाची बोलणी सुरू होतील तेव्हा तो वरातीत घोड्यावरच बरा.

गाडी विकून टाकली म्हणजे सुटलो, असंही समजू नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गॅरेजवाल्याच्या हवाली केलेली, पण आरसीवर नाव न बदललेली गाडी कायद्याच्या नजरेत तुमचीच. २०१८ च्या नवीन कुमार निकालात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेलेली होती. भरपाईची जबाबदारी आली ती आरसीवर नाव राहिलेल्या पहिल्या मालकावर.

मालकांनी एवढं करावं : किल्लीबरोबर लायसन्स बघावं, मेहुण्याचंसुद्धा, आणि पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा मोबाइलमध्ये लिहून ठेवाव्यात. आणि उसन्या गाडीवर फिरणाऱ्यांनो, दुसऱ्याच्या पॉलिसीत स्वतःला शोधत बसू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत मिळते, अपघाती मृत्यूला २ लाख देते, आणि गाडी कुणाच्या नावावर होती याच्याशी तिला देणंघेणं नाही. पैसे मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. यंदा कापले गेलेत का, ते पासबुकात बघून घ्या.